दिनानाथ सरांचा मधला पर्याय

दिनानाथ सरांना कुणी लबाड म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. लबाडी करायला निदान काहीतरी ठरवावं लागतं. सरांनी उभ्या आयुष्यात काही ठरवलेलं मी तरी पाहिलं नाही.

मी सुचिता. नेरूळला स्टेशनजवळ एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे तेजसचा स्पर्धा परीक्षांचा क्लास, आणि तिथे दिनानाथ सर नीतिशास्त्र शिकवतात. योग्य काय, अयोग्य काय, यावर अख्खा पेपर असतो म्हणे. म्हणजे माणूस सरळ आहे की वाकडा, हे सरकार मार्कांवरून बघतं. धन्य आहे!

सरांचा आवाज खणखणीत, त्यामुळे इतकी वर्षं मीही फुकटात शिकतेय. "एक मत म्हणतं, परिणाम बघा. जास्त लोकांचं भलं होईल ते योग्य. पण मग चौघांच्या भल्यासाठी पाचव्याचा गळा कापायचा का? दुसरं म्हणतं, कर्तव्य म्हणजे कर्तव्य, खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. मग मरणाच्या दारातल्या आईला तिचा मुलगा गेल्याचं सांगायचं का? तिसरं म्हणतं, हिशेब आणि नियम दोन्ही सोडा, चांगला माणूस करेल ते योग्य. पण चांगला कोण, हे कोण ठरवणार?" अशी तिन्ही मतं एकमेकांवर आपटून झाली की सर फळा पुसायचे आणि कानमंत्र द्यायचे, "टोकाचा पर्याय कधीही लिहायचा नाही. गप्प बसणं हे एक टोक, उघड बोलणं हे दुसरं. परीक्षकाला मधला पर्याय आवडतो."

पोरं हे परीक्षेपुरतं लिहून घ्यायची. सर तसे जगायचे. चहा घेणार का विचारलं तर म्हणायचे, "घ्यायला हरकत नाही, पण नसला तरी चालेल." लग्नाचं त्यांच्या आईने ठरवलं, घराचं बायकोने, मुलीच्या कॉलेजचं मुलीने. तरुणपणी ते स्वतः परीक्षेच्या मुलाखतीपर्यंत पोचले होते, तिथून परत आले. का, ते मला कुणी सांगायची गरज नाही. आमची घरमालकीण शेवंताबाई मूळची नेरूळ गावातली, फटकळ. ती म्हणायची, "या मास्तराला साप चावला ना, त हा आधी सापाची बाजू ऐकंल." आम्ही हसायचो. हसण्यावारी नेलं, हेच चुकलं.

क्लासच्या काउंटरवर नमिता बसायची. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली पोर. आई बायजाबाई मासळी विकते. नमिता दिवसभर फोन घ्यायची, फी घ्यायची, आणि उरलेला वेळ माझ्याकडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर वाचत बसायची. गेल्या वर्षी तिने सरकारी क्लार्कची परीक्षा काढली. निवड यादीत नाव आलं. बायजाबाईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. त्यात काही निघालं नाही की नोकरी पक्की.

नेमका तेव्हाच क्लासच्या सराव परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी मोबाईलवर फुटला. कपाटाची चावी नमिताकडे असायची. तेजसने पुढचा-मागचा विचार न करता तिच्यावर आळ घेतला आणि पोलिसात तक्रार देतो म्हणाला. पोर धावत माझ्याकडे आली. तक्रार झाली असती तर ती पडताळणीत अडकली असती, आणि मग कसली नोकरी!

त्याच दिवशी खाली चहाच्या टपरीवर दिनानाथ सर मला सहज म्हणाले, "नमिताने नाही केलं ते. मी स्वतः पाहिलं. दिपेश कपाट उघडून मोबाईलवर फोटो काढत होता." दिपेश म्हणजे तेजसचा मेहुणा. दिवसभर क्लासमध्ये फुकट लोळणारा.

"अहो, मग सांगा ना तेजसला! चला, आत्ता चला!"

"सुचिताताई, इतकं सोपं नाही ते," सरांनी ग्लास खाली ठेवला. "परिणाम बघायचे तर घरात भांडण लागून क्लास बंद पडेल. ऐन परीक्षेच्या तोंडावर एवढ्या मुलांनी जायचं कुठे? कर्तव्य बघायचं तर सत्य सांगायला हवं, मान्य. पण ज्याने पगार दिला त्याच्याशी निष्ठा, हेही कर्तव्यच. आणि चांगला माणूस काय करेल? तो संयम ठेवेल."

मला असा संताप आला की हातातला चहा त्यांच्या शर्टावर ओतावा. नोकरी जाईल म्हणून घाबरले असते तर मी समजून घेतलं असतं. पोटासाठी माणूस घाबरतो. यांना भीती होती ती उत्तर चुकून मार्क जाण्याची, आणि मार्क देणारं तिथे कुणी नव्हतं.

मी तडक तेजसकडे गेले. तो म्हणाला, "तुम्ही पाहिलंत का? नाही ना? मग ज्यांनी पाहिलं त्यांना बोलू दे." सरांना बोलावलं. दिपेश तिथेच दाराला टेकून उभा होता. सरांनी चष्मा पुसला. "मी काहीच पाहिलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण पाहिलं, असं या टप्प्यावर म्हणणंही घाईचं होईल. एक समिती नेमावी, असं मला वाटतं."

समिती! क्लासमध्ये माणसं पाच, त्यातला चोर एक, साक्षीदार एक, आणि हे समिती नेमतायत! दिपेश हसला. तेजसही सुटल्यासारखा झाला.

रविवारी बायजाबाई मला घेऊन सरांच्या घरी गेली. पाटीत अख्खा जिताडा होता, पहाटे भावाच्या जाळ्यात लागलेला. गिऱ्हाईकाला न देता तिने तो बाजूला ठेवला होता. कुणाच्या दारी काही मागायला जायचं तर मोकळ्या हाताने जायचं नाही, ही तिची रीत. पाटी उंबऱ्याशी ठेवून ती म्हणाली, "मास्तर, तुमी बगलाय ना? त तेवरं सांगा. माजी पोर चोर नाय."

सर माशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा पूर्ण घेतला तर ती लाच ठरेल. नाकारला तर माउलीच्या भावनेचा अपमान. असं करू, अर्धा ठेवतो."

मी कपाळावर हात मारला. पण बायजाबाईने मुकाट्याने त्यांच्याच घरातली विळी मागितली, उंबऱ्याशी बसली आणि मासा कापला. मधल्या तुकड्या सरांच्या पातेल्यात गेल्या. डोकं आणि शेपटी तिच्या पाटीत परत आली. हात धुता धुता तिने विचारलं, "सांगशाल ना?"

"योग्य वेळी, योग्य ठिकाणी," सर म्हणाले. बायजाबाई बिचारी त्याला होकार समजली. वाटेत मला म्हणाली, "मानूस चांगला हाय."

तक्रार झाली. नमिताला चौकीवर बोलावलं, जबाब घेतला. पडताळणीचे कागद अडकले, मुदत गेली, आणि यादीतल्या पुढच्या पोरीला नोकरी मिळाली. नमिता आता रबाळ्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. माझ्या अभ्यासिकेची पायरी ती चढत नाही. रस्त्यात दिसली तर मान खाली घालून निघून जाते. तिने मान खाली घालावी? तिने?

आणि सर? सर मजेत आहेत. दिपेश आता काउंटरवर बसतो, त्याच्याकडून चावी घेऊन सर रोज वर्ग उघडतात.

परवा पार्टिशनपलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला. सराव परीक्षेतला प्रश्न ते वाचून दाखवत होते. "आपण एका संस्थेत शिक्षक आहात. एका निरपराध कर्मचारी मुलीवर चोरीचा आळ आला आहे. खरा दोषी आपण पाहिला आहे, आणि तो मालकाचा नातेवाईक आहे. आपण काय कराल?"

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. नाव बदललं नव्हतं, कारण नाव घातलंच नव्हतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

बहुतेक पोरांनी लिहिलं होतं की मी जाऊन खरं सांगेन. सरांनी सगळ्यांचे मार्क कापले होते. "भावनेच्या भरात टोकाचा पर्याय," ते सांगत होते. मग त्यांनी आदर्श उत्तर दिलं, तिन्ही मतांची तुलना करून, समितीसकट. पोरं माना खाली घालून लिहून घेत असावीत, पेनांचा आवाज येत होता.

तेवढ्यात सई नावाच्या नव्या पोरीने विचारलं, "सर, पण मग त्या मुलीचं काय झालं?"

सरांनी पान उलटलं.

"ते प्रश्नात दिलेलं नाही," म्हणाले, आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.