जंगलाचा धनी

माझे वडील ठाण्याच्या मिठागरात राबत. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. शाळेतल्या मास्तरांनी फी माफ करून घेतली म्हणून शिकलो. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्याच शिक्षणापायी एका माणसाचा जीव गेला, हेही विसरता येत नाही.

जंगलखात्यात दुभाष्याची नोकरी लागून महिनाच झाला होता. माजिवड्यापलीकडच्या राखीव जंगलात पाहुणे म्हणून एक साहेब आणि त्यांची मडम आली. मडमेला सांबराचे चित्र काढायचे होते. पुढे वाट दाखवायला एक वारली म्हातारा, मागे आम्ही. भर दुपार. करवंदीच्या जाळीपाशी तो थांबला आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "साहेबाला सांगा, फुढं नको. धनी हितंच हाय."

धनी म्हणजे मालक, एवढेच मला ठाऊक. मी इंग्रजीत तसेच सांगितले. साहेब हसले. "सरकारी जंगलाला सरकारवाचून मालक कोण? त्याला म्हणावं, चल."

मी वर माझी भर घातली. "अरे बाबा, तुझ्या धन्याला सरकारनं केव्हाच काढून टाकलं!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, पण रागाने नव्हे. "शिकल्याली मान्सं तुमी," एवढेच बोलला आणि कोयता सावरून जाळीत शिरला.

तो ओरडलासुद्धा नाही. जाळी हलली, डरकाळी झाली, साहेबांच्या बंदुकीचा बार आभाळात गेला. कोयता तेवढा वाटेवर राहिला. जाळीपलीकडच्या नाल्यातून त्याचे प्रेत उचलून आणले, तेव्हा बरोबरचा गडी मला म्हणाला, "रानात त्याचं नाव घेत न्हाईत, भाऊसाहेब. वाघाला आमी धनीच म्हंतो."

पाड्याच्या तोंडाशी म्हाताऱ्याची बायको उभी होती. मी पुढे होतो. म्हाताऱ्याला घातलेली झोळी अजून मागे, झाडांआड होती. तिने मलाच विचारले, "धनी कुठं हाय माझा?"

या वेळी शब्द मला बरोबर कळला. मी वाटेतून बाजूला झालो.

पुढे बढती मिळाली, कल्याणला घर झाले. कधी भाजीवाली दारातून हाक मारते, "धनी हायेत का घरात?" मी आतच असतो. पण ओ देत नाही. आधी कुंपणापलीकडच्या जाळीकडे बघतो.