ताईच्या पायाचं कापड

अपघातानंतर ताईचं उजवं पाऊल उचललंच जात नव्हतं. शाळा उघडली की वर्गात काठीशिवाय शिरायचं, एवढाच तिचा हट्ट. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात खडू, मग काठी काय दातात धरू, असं विचारायची. मुलुंडचा एक कारागीर कार्बनच्या कापडापासून तिच्या पायासाठी हलका सपोर्ट बनवणार होता. ते कापड साच्यात नीट वाकेल का, हे मोजायचं काम माझं. विक्रोळीच्या लॅबमध्ये मी तेच करते. पट्टी टेबलाच्या काठावरून हळूहळू पुढे सरकवायची आणि किती बाहेर आल्यावर ती स्वतःच्या वजनाने झुकते ते बघायचं.

कापडाची गुंडाळी शनिवारी लॅब बंद होताना आली, म्हणून मी ती नाहूरला घरी नेली. सोमवारी पट्ट्या कापल्या. पहिली मस्त झुकली, सावकाश, गोलाईत. दुसरी मात्र मध्येच खटकन खाली पडली. मी चाटच पडले. भिंगातून पाहिलं तर एका सरळ रेषेत धागे तुटलेले. पुढची पट्टी तशीच, त्यापुढचीही. डोकं असं फिरलं की विणणाऱ्याला फोन करून नको नको ते बोलले. तो बिचारा शपथा घेत राहिला.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. हा सपोर्ट भर रस्त्यात मोडला असता गं, म्हटलं. नवं कापड येईपर्यंत शाळा उघडून जाणार होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"कापड सरळ झालं होतं ना?" तिने मला विचारलं. "नुसतं वळत होतं मेलं. घडी करून रविवारभर गादीखाली ठेवलं, मग होतं तसं गुंडाळलं. ताईच्या पायाला लागणार, वेडंवाकडं कसं द्यायचं?"

म्हणजे कार्बनचे धागे त्या घडीवरच तुटले होते. आमच्या शाळेच्या युनिफॉर्मना याच गादीखाली इस्त्री व्हायची. मला ओरडायचं होतं, रडायचंही होतं. मी तोंड उघडणार, तोच ताईने माझं मनगट गच्च धरलं.

"छान सरळ झालं होतं," ती आईला म्हणाली. "पण मीच नको म्हटलं. काठीची सवय झालीय मला."

आई भडकलीच. तुझ्यासाठी सगळे राबतात आणि तुला कशाची किंमत नाही, ऐनवेळी नखरे करतेस, असं बरंच काही बोलली. ताईने सगळं निमूट ऐकून घेतलं. माझं मनगट मात्र सोडलं नाही.