आईचा वेगळा गिलास

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिणं चालू होतं, आणि औशाकडच्या आमच्या गावात विहिरीनं तळ दाखवला होता. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीला आले, तर आईनं आपला गिलास चुलीमागच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला दिसला.

विचारल्यावर तिनं गाल ओढून आतली गाठ दाखवली. हरभऱ्याएवढी. आई मिश्री लावायची. तिची मावशीही लावायची, आणि ती तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती.

"तू सायन्सला हायस. सांग, हे उष्ट्यातून लागतं का?"

"नाही लागत," मी म्हणाले. पण गाठ कसली, हे मला तरी कुठं माहीत होतं? आवाजात जोर नव्हता. तिला ते कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीला आपल्या ताटातला घास भरवणं तिनं बंद केलं. थेंबही वाया घालवायचे दिवस नव्हते, म्हणून तिच्या गिलासात उरलेलं पाणी शेळीपुढं जायचं.

एकदा दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो गिलास काढून आपटला. हॉटेलाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा पीत ते मोठे झाले होते.

"आपल्या घरात कुणाचा गिलास येगळा राहणार न्हाई. लई राहिला भाईर!"

"तवा लोकांनी ठेवला. ह्यो म्या ठेवलाय, लेकरांसाठी."

गिलास पुन्हा कोनाड्यात गेला.

लातूरला डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली. निकाल येईपर्यंत मी वर्गात बसायचे, पण जीभ सारखी माझ्याच गालाच्या आतून फिरायची.

"फायब्रोमा," डॉक्टर म्हणाले. "तंतूंची साधी गाठ. कॅन्सर नाही. तुटकी दाढ घासून घासून मांस वाढलं. दाढ काढा, मिश्री सोडा." मग कॉलेजची म्हणून मला समजावलं: अशी वाढ कुठंही होते. मानेवर मऊ आणि लोंबती, पायावर टणक, कधी भरलेल्या जखमेवरच मांस वाढत राहतं.

आई हसली. "म्हंजे तुझ्या दादाच्या मानंवर लोंबतंय, त्याचीच बहीण म्हण की!"

बसमध्ये मात्र तिनं पुन्हा विचारलं, "मग उष्टं?"

"चालतं, माय."

घरी येऊन तिनं कोनाड्यातला गिलास घेतला, पाणी प्याली. तळाशी थोडं उरलं. शेळीनं मान वर केली. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि गिलास धाकटीच्या तोंडाला लावला. ती पिऊन होईपर्यंत आईनं त्यावरचा हात काढला नाही.