खोसियतचा पांढरा बुंधा

इस्फराकडच्या त्या गावात खोसियतची ओळख तिच्या झाडांवरून सांगतात. वसंतातल्या नव्या वर्षाचा नवरोज तोंडावर आला, की बाई चुना कालवणार आणि अंगणातल्या साऱ्या जर्दाळूंचे बुंधे कमरेइतके रंगवणार. असे पांढरेफेक बुंधे गल्लीत दुसऱ्या कुणाचे नव्हते. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्यांदा हातात दिला तो कुंचाच. सासू गेली, पुढं नवरा गेला, लेकी नांदायला गेल्या. कुंचा काही सुटला नाही. दिवसभर वाळवणाच्या आवारात जर्दाळू फोडायचे, घरी येऊन तंदूर पेटवायचा आणि बोलायला माणूस नसलं की झाडांशी भांडायचं.

फाटकाजवळचं झाड नवऱ्याच्या हातचं. नेमकं तेच खंगत चाललं होतं. पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या. शेंडे वाळलेले, फळाचा पत्ता नाही. नवऱ्यानं बुंध्यात गंजके खिळे ठोकून बघितले होते. गुण आला नव्हता.

धाकटा दीर तुराब दर वसंतात कुऱ्हाड घेऊन यायचा. रीतच आहे तशी: एकानं वांझ झाडावर कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं आडवं येऊन झाडाला जामीन राहायचं. खोसियत दरसाल जामीन राहिली. यंदा तुराबनं कुऱ्हाड पाजळून आणली होती.

"वहिनी, आता बास. तोडतो. गाडी आत घ्यायला वाट तरी हुईल."

"तुझ्या गाडीला तरी कुठं फळ लागतंय?"

"ती चालती की!"

"ढकलल्यावर."

तुराब हसला, पण हटला नाही. "तुती पिकंपतूर थांबतो. तवर पान हिरवं दाखव, न्हाईतर मी हाय आन् हे झाड हाय."

त्याच आठवड्यात भाची सदोकत आली. ही खुजंद शहरात रोपवाटिकेत कामाला. तिनं पिवळं पान उजेडात धरलं, मग मुळाशी कुदळीनं उकरलं. मातीतून पांढरे खडे निघाले.

"मावशी, हे काय?"

"चुना. उरलेली बादली कुठं ओतू? फाटकाजवळ हात धुते, तिथंच रिकामी करते. राखपन तिथंच. खतच की!"

सदोकत कपाळाला हात लावून अंगणातल्या लाकडी तख्तावर बसली. "अगं, पानात हिरवा रंग तयार करणारे कामगार असतात म्हण. एन्झाइम त्यांचं नाव. त्यांना लोखंड लागतं, कुणाला जस्त, कुणाला मँगनीज. चिमूटभरच, पण तेवढं नसलं तर हात बांधून बसतात. तुझ्या मातीत लोखंड हाय. चुन्यानं ते असं आवळून धरलंय, की मुळाला उचलता येत न्हाई."

"म्हंजी खिळे ठोकले ते बरोबर?"

"काकांनी रोग ओळखला गं. पोटातलं औषध मात्र कानात घातलं."

लोकर काळी करायला ठेवलेलं हिराकस, म्हणजे लोखंडाचंच मीठ, घरात होतंच. सदोकतनं ते पाण्यात अगदी फिकं विरघळवलं आणि एका फांदीची पानं त्यात बुडवून काढली. "हे नुसतं पारखायला. खरं औषध म्हंजी ही माती काढायची आणि इथं चुना बंद. बुंध्यालासुद्धा. पावसानं तोच खाली उतरतो."

"उघडा बुंधा? फाटकाजवळ? लोक काय म्हणतील!"

"तोडल्यावर काय म्हणतील?"

खोसियत रोज त्या फांदीपाशी जाऊन उभी राहायला लागली.

तुती पिकून अंगणात सडा पडला आणि तुराब आला. झाड पिवळंच होतं. त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. खोसियतनं त्याचा कान धरावा तसं मनगट धरून त्याला फांदीपाशी नेलं. तिथली पानं ठिपक्याठिपक्यांनी हिरवी झाली होती.

"एवढीच?"

"पान म्हनला व्हतास. झाड न्हाई."

तुराबनं पानं चोळून बघितली, रंग लावलाय का म्हणून. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "आता?"

"आता हे फावडं धर. वाफशाची माती हाय, लवकर निघंल."

पुढल्या नवरोजाला गल्लीतून जाणारी बाई थबकायचीच. सारे बुंधे पांढरे, फाटकाजवळचा तेवढा तपकिरी.

"खोसियत, चुना संपला व्हय गं?"

"संपला," खोसियत म्हणायची. आणि उरलेली बादली उचलून, लांब जाऊन, तुराबच्या गाडीच्या वाटेवरच्या खड्ड्यात ओतायची.