सोळा आकडी संख्या आणि बाकी शून्य

दुष्काळाच्या त्या वर्षी अंबडच्या आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर बदलून गेले आणि सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा इतिहासाचा. आपल्याला येत नाही हे पोरांना कळू नये म्हणून मी आवाज चढवून शिकवायचो.

एकदा वर्ग गप्प बसावा म्हणून फळ्यावर सोळा आकडी संख्या लिहिली. एकपासून आठपर्यंत चढत गेलेली, पुन्हा आठपासून एकपर्यंत उतरलेली. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. अकरानं भागून बाकी किती ते काढा म्हणालो आणि खुर्चीत टेकलो. दोन मिनिटांत मागच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन पुढं आली. वहीत एवढंच लिहिलेलं: बाकी शून्य.

“कुणाचं पाहून लिहिलंस?”

“कुणाचंच न्हाई सर. दोन्हीकून सारखी हाय, अन् आकडे बराबर जोडीनं हायत. मंग बाकी राहतच न्हाई. दिसून राह्यलंय की.”

वर्ग हसला. “दिसतंय म्हणे! रीत दाखव,” मी ओरडलो. तिनं पुन्हा फळ्याकडं बोट केलं. मी वहीवर लाल शून्य ओढलं.

तिचं घर बौद्धवाड्यात, आई खडी फोडायला जायची. पाटलाच्या मुलानं हेच सांगितलं असतं, तर ‘कुणाचं पाहिलंस’ असं माझ्या तोंडून निघालं नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

रविवारी शहागडला एसटीची वाट पाहत बसलो, तरी ते डोक्यातून जाईना. वर्तमानपत्राच्या कडेला लहान संख्या मांडल्या. २११२, ४७७४, ६३००३६. सगळ्यांना अकरानं भाग गेला. मग टोकांच्या आकड्यांच्या जोड्या सुट्या केल्या. २११२ म्हणजे दोन वेळा १००१ आणि एकदा ११०. दोन्हींना अकरानं भाग जातो. संख्या कितीही लांबवा, मधे एकटा आकडा उरत नाही तोवर हेच होणार. पोरीला नुसत्या नजरेनं दिसलं ते कळायला मला अख्खी दुपार लागली. लाज वाटली.

सोमवारी वही मागून घेतली आणि शून्य खोडून पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गासमोर मात्र शब्द काढला नाही. मास्तरानं चूक कबूल केली की पोरं डोक्यावर बसतात, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे भ्यालो.

त्यानंतर ती वर्गात आपण होऊन काही बोलली नाही. तिचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास मी मोडला तर नाही ना, ही टोचणी लागून राहिली. म्हणून वार्षिक परीक्षेत मुद्दाम तसलीच अठरा आकडी संख्या घातली. अकरानं भागल्यास बाकी किती? एका ओळीचं उत्तर, दहा गुण. तो प्रश्न तिच्यासाठीच होता.

गठ्ठ्यातून तिचा पेपर आधी काढला. दोन पानं भरून भागाकार होता. एकेक पायरी मांडलेली, कुठं खाडाखोड नाही, पाहून लिहिलं असं कुणाला म्हणता येऊ नये इतकं सगळं. शेवटी बाकी शून्य.

दहापैकी दहा द्यावेच लागले. देताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.