उजव्या कानाचा स्पीकर

राघव मोहिते तसा शहाणा माणूस, पण एका बाबतीत ठार वेडा. डाव्या कानानं आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यानं पाच वर्षं जगापासून लपवून ठेवलं होतं.

औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून त्यानं तीस वर्षं मोटरसायकलवरून भिंड, मुरैना, शिवपुरीचे डॉक्टर गाठले. हेल्मेटात मोबाइल डाव्या कानाशी खुपसायचा आणि वाऱ्यावर ताण करून आवाज चढवायचा, हीच त्याची सारी यंत्रणा. त्यात कान गेला. ज्या डॉक्टरला जन्मभर गोळ्यांचे नमुने दिले, त्यानंच तपासून सांगितलं की या कानात आता काही उरलेलं नाही, मशीन लावूनही उपयोग नाही. तेव्हा नोकरीची दोन वर्षं शिल्लक होती. बहिऱ्याला कंपनी कशाला ठेवील, म्हणून तो गप्प बसला. निवृत्त झाल्यावर लपवायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी गप्पच राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत राहिला.

डावीकडून कोणी बोललं तर हसायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "हो हो, बरंच आहे." शंभरातल्या नव्वद वेळा हे खपून जायचं. उरलेल्या दहा वेळांनी घात केला. गणेशोत्सवात मराठी मंडळातल्या शांताताईंनी जावयाचं आजारपण सांगितलं, तेव्हाही हा बरंच आहे म्हणाला. मोहित्यांचा राघव शिष्ट झाला, असं मंडळी बोलू लागली. मग त्यानं मंडळात जाणंच सोडलं. लग्न राहूनच गेलं होतं. शिंदे की छावणी या वस्तीतल्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा स्टोव्ह. भाजीवाल्याशी हिंदीत दोन वाक्यं व्हायची. मराठी शब्द आठ-आठ दिवस तोंडातून निघायचा नाही.

उरला होता एक रमाकांत. शाळेपासूनचा मित्र, बँकेतून निवृत्त, त्याच शहरात जयेंद्रगंजला राहणारा, बायको गेल्यापासून तोही एकटाच. दर रविवारी दोघं आपापल्या मोटरसायकली काढून कुठंतरी जाऊन येत. रस्त्यात बोलणं शक्यच नसे, आणि राघवला ते सोयीचंच होतं.

दिवाळी झाल्यावर रमाकांतनं सांगितलं की घर विकलं, गुरुवारी सामानाचा ट्रक निघेल. तो पुण्याला मुलाकडे, यशोधनकडे, कायमचा चालला होता. राघवला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण मुलगा बोलावतोय आणि बाप जातोय, यात आपण बोलणारे कोण, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. फक्त एक हवं होतं. जाण्याआधी एक अख्खा दिवस या माणसाचा शब्दन् शब्द ऐकायचा. म्हणून त्यानंच सुचवलं की शेवटच्या रविवारी दतियाला जाऊ आणि हेल्मेटात बोलायचे सेट बसवून घेऊ. रमाकांत त्याच्याकडे बघतच राहिला. रस्ताभर मुक्यासारखा जाणारा माणूस बोलायचा सेट मागत होता.

नव्या बाजारात दिग्विजयसिंहाचं रायडिंगच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं काउंटरवर चार डबे मांडले. एक नुसता फोनला जोडायचा, गाणी ऐकायला झकास. रमाकांत त्याच्यावरच लट्टू झाला. दुसरा दहा-बारा जणांच्या टोळीसाठी. दिग्विजयसिंह त्याचे गुण सांगू लागला, तेव्हा राघव म्हणाला की आमची टोळी दोघांचीच आहे. तिसरा दोघांचा, एकमेकांशी थेट बोलायचा, अर्ध्या किलोमीटरपर्यंत चालणारा. चौथा त्याचाच थोरला भाऊ. राघवनं तिसरा उचलला. मग रमाकांत दुसरीकडे हेल्मेटं बघतोय हे पाहून त्यानं हळूच विचारलं की बोलणं कोणत्या कानात येतं.

"अंकल, गाने दो कानों में बँट जाते हैं, बात दोनों में पूरी जाती है," दिग्विजयसिंह म्हणाला.

राघवचा जीव भांड्यात पडला. उजवा स्पीकर कानाला नीट टेकेल असा मागे गादी लावून बसवा, म्हणाला. डावा कसा बसवू, असं विचारल्यावर म्हणाला, कसाही. दिग्विजयसिंहानं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कामाला लागला.

रविवारी सकाळी शहर मागे पडलं आणि रमाकांतचा आवाज उजव्या कानात आला. हा आवाज इतका मऊ आहे, हे राघव विसरूनच गेला होता. वाटेतल्या डबऱ्यापर्यंत रमाकांत बोलत होता आणि राघव प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होता. कितीतरी वर्षांत तो इतका सुखी नव्हता.

"आज तू सगळ्याचा जवाब देतोयस," रमाकांत म्हणाला. "यार राघव, एक बोलू? मागच्या वर्षी तिघरा धरणावर बसलो होतो, तेव्हा मी तुला विचारलं होतं. यशोधन बोलावतोय, पण माझं मन इथंच लागतं. तू राहा म्हणशील तर राहतो, नाही तर जातो. तू हसलास आणि म्हणालास, हो हो, बरंच आहे. मला फार लागलं रे ते."

राघवनं गाडी कडेला घेतली. त्या दिवशी रमाकांत कोणत्या बाजूला बसला होता, हे त्याला लख्ख आठवलं. रमाकांत वीस पावलं पुढे जाऊन थांबला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"रमाकांत, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," राघव म्हणाला. "पाच वर्षं झाली. तू काय विचारलं होतंस, ते मी आज ऐकतोय."

शेजारून दोन ट्रक गेले.

"मग आता सांग," रमाकांत म्हणाला.

"राहा."

पुढे उभ्या असलेल्या माणसाची मान खाली गेली.

"घर विकलं रे आता. यशोधननं तिकडं माझी खोली रंगवून ठेवली आहे."

हेही राघवला अगदी स्वच्छ ऐकू आलं.