कोकमी ब्रेक आणि मोरपिशी इंजिन

परळपासून लालबागपर्यंतच्या टापूत आमच्या हिच्या मामांइतका आनंदी माणूस दुसरा कोणी असलाच, तर त्याच्याही नखांत रंग अडकलेला असणार, याबद्दल मला शंका नाही. मामा निवृत्त चित्रकला शिक्षक. उभा जन्म त्यांनी पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या आणि निवृत्त झाल्याबरोबर एक जुनी गाडी घेऊन जाहीर केलं, की आता खऱ्या कामाला सुरुवात. आम्हाला वाटलं, मामींना घेऊन मालवणला वगैरे जातील. पण मामांनी गाडी घेतली होती ती रंगवायला. बरं, बाहेरून रंगवावी, तर तेही नाही. दारावरचे ओरखडे होते तसेच राहिले. मामा रंगवायचे ते गाडीच्या पोटातले अवयव: इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, त्याच्या शेजारचे पत्रे, आणि सर्वांत लाडके म्हणजे ब्रेकचे कॅलिपर. चाकाबरोबर आत एक लोखंडी तबकडी फिरते आणि आपण ब्रेक दाबला की एक पंजा तिला करकचून धरतो; तो पंजा म्हणजे कॅलिपर. तो रंगवून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडीचं तोंड सगळेच धुतात, जावईबापू. कोपर-गुडघे कोण घासतं?"

या कोपर-गुडघ्यांसाठी मामांची रविवारची पहाट जशी उजाडायची, तशी लहान मुलाची दिवाळीतही उजाडत नसेल. करी रोडच्या त्यांच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढायची, चाक निघायचं, आणि मामा जुन्या लेंग्यात मांडी घालून त्या गंजक्या पंजासमोर बसायचे. आधी तारेच्या ब्रशने खरवडणं, मग तेलाचा शेवटचा थेंब पुसणं, मग रबरी भागांना आणि तबकडीला कागदी पट्ट्यांचं सोवळं नेसवणं. रंगाचा थेंब तबकडीवर पडता कामा नये, नाहीतर ब्रेक घसरेल, हे ते मला दर वेळी नव्याने सांगत. मग पहिला हात, अगदी पातळ. तो वाळेपर्यंत कोणी जोरात श्वास घेतलेलाही त्यांना चालत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी वासाची तक्रार करायला खाली आले, तर मामांनी त्यांच्या हातात कुंचला दिला आणि म्हणाले, "तुम्ही डावीकडून या." सेक्रेटरी वर गेले ते शर्टावर लाल ठिपके घेऊन, आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या स्कूटरची चाकं दाखवायला परत आले.

रंगांना डब्यावरचं नाव मामांना मान्यच नसे. त्यांच्याकडे लाल नव्हता, पिकलेल्या कोकमाचा लाल होता. निळा नव्हता, मोरपिशी होता. दुसऱ्याच्या गाडीचं चाक दिसलं की मान वाकडी होत होत ते शेवटी उकिडवेच बसायचे. एकदा परळच्या एका हॉस्पिटलबाहेर आम्ही नातलग एका दूरच्या आजोबांचं पार्थिव बाहेर येण्याची वाट पाहत उभे होतो. मामा अचानक ॲम्ब्युलन्सच्या चाकाशी खाली बसले आणि कपाळाला हात लावला. दोघा-तिघांनी धावत जाऊन त्यांना काखेत धरून उठवलं, पाणी पाजलं, "वय झालं होतं हो त्यांचं" म्हणून समजूत घातली. मामांनी निमूट पाणी प्यायलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय गंजलाय हो पंजा."

मामी हे सगळं सोसत होत्या, कारण त्यांचं राज्य स्वयंपाकघरात होतं. पण इंजिनाचा रंग पक्का व्हायला तो तापवावा लागतो, असं मामांच्या वाचनात आलं आणि ती सीमाही पुसली गेली. मामी एका दुपारी केक करायला गेल्या, तर त्यांच्या ओव्हनमध्ये इंजिनाचं झाकण मोरपिशी रंगात भाजत होतं.

"माझ्या ओव्हनात लोखंड भाजूक ठेवल्यात काय?" मामींनी विचारलं.

"ॲल्युमिनियम आहे ते," मामा म्हणाले.

"मग मीठ-मसालो पण लावा तेका."

त्या दिवसापासून तो ओव्हन गाडीचा झाला आणि घरात केक बेकरीतून येऊ लागला.

अशात मामांच्या एकुलत्या एका मुलीचं, मेघाचं, लग्न ठरलं. मुलगा माटुंग्याचा. हॉल दादरला. मेघाने एकच अट घातली, की हॉलवर ती बाबांच्याच गाडीतून जाणार. झालं. मामांना जणू राजाश्रय मिळाला. घरात आहेर आणि बस्ता चालू असताना मामा गाडीचं पोट उघडून बसले. मामी रोज विचारत, "गाडी जोडून होतली ना?" आणि मामा रोज म्हणत, "दुसरा हात वाळतोय." लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एकदाचं सगळं जागेवर बसलं. फक्त एक भाग ओव्हनमध्ये मावला नव्हता: इंजिनातून जिथे गरम धूर बाहेर पडतो, तिथलं पत्र्याचं मोठं कवच. मामांनी त्याला सोनेरी रंग दिला आणि म्हणाले, "हा चालता चालता भाजेल."

तो तसाच भाजला. सकाळी मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मेघा आणि मामी मागे, असे आम्ही निघालो. गाडी सुतासारखी सरळ चालली. हॉलच्या दारात सनईवाले सरसावले, मुलाकडची मंडळी पुढे आली आणि त्याच क्षणी बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर निघू लागला. क्षणभरात दारात नुसता गोंधळ. कोणीतरी नवरीला बाहेर ओढलं, कोणीतरी पाण्याची बादली आणली. मुलाचे वडील कडक माणूस, सफारीत घामाघूम होऊन ओरडले, "बाजूला व्हा सगळे."

मामा शांतपणे उतरले. "आग नाही, व्याही. रंग भाजतोय." आणि त्यांनी बॉनेट उचललं.

धूर विरळ झाला आणि आतलं दिसू लागलं. मोरपिशी झाकण, सोनेरी कवच, कोकमी कडा, एकही ओघळ नाही. बादलीवाला बादली धरून तसाच उभा राहिला. सनईवाल्याने सनई काखेत मारली आणि पुढे वाकला. मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसून परत लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तुम्ही घरी केलंत?" त्या प्रश्नावर मामांचा चेहरा असा उजळला, की आमच्या अल्बममध्ये तो फोटो आजही वधूवरांच्या फोटोंपेक्षा मोठा आहे. फोटोग्राफरने नवरा-नवरीला उघड्या बॉनेटसमोर उभं केलं. वऱ्हाडातल्या बायका चाकांत डोकावून ब्रेक बघू लागल्या. मुहूर्त गाठायला भटजींना स्वतः बाहेर यावं लागलं, आणि तेही आधी बघून मगच आत गेले.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी व्याह्यांनी आपली सजवलेली गाडी बाजूला सारली. "सूनबाई याच गाडीतून येतील," म्हणाले. नवरीचा बाप तिला सासरी पोचवायला ड्रायव्हर म्हणून कसा जाणार, अशी कुजबुज आत्यांमध्ये सुरू झाली, तोवर मामा स्टिअरिंगवर बसले होते. मी शेजारी. माटुंग्यापर्यंत मामा अखंड बोलत होते. मागे बसलेल्या नव्या जावयाला कॅलिपरची तीन हातांची पद्धत समजावत होते आणि त्याच्या शेजारी मेघा हसत होती. सासरच्या दारात ती उतरली, माप ओलांडून आत गेली. मामांनी चहा घेतला, हात जोडले आणि परत निघाले.

किंग्ज सर्कलच्या सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला. गाडी अलगद, जराही न कुरकुरता थांबली. मी म्हटलं, "काय सुरेख थांबते हो." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मामांचा पाय ब्रेकवरच. मग गिअर टाकताना ते हळूच म्हणाले, "फार हलकी लागतेय हो गाडी."